पहिलवानाची पाठ

आमच्या बीड जिल्ह्याचें नांव परक्या मुलखांत निघालें, कीं बहुधा अवर्षण आणि ऊसतोड या दोन गोष्टींच्या संगतीनें निघतें. त्यांत अभिमान वाटावा असें थोडेंच. परंतु २०१८ सालीं ऑस्ट्रेलियांतील गोल्ड कोस्ट येथें भरलेल्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेंत राहुल आवारे यांनीं ५७ किलो वजनाच्या कुस्तींत सुवर्णपदक मिळविलें, आणि पुढच्याच वर्षीं, २०१९ सालीं, कझाकस्तानांतील नूर-सुलतान येथें जागतिक स्पर्धेंत ६१ किलो गटांत कांस्यपदक पटकाविलें. हे पहिलवान आमच्या पाटोद्याचे. या दोन पदकांची हकीकत आमच्या शाळेंतील मुलांना तोंडपाठ आहे. इतिहासाच्या सनावळ्या तितक्या पाठ नसतात, हें आम्ही खेदानें, पण हंसून कबूल करितों.

कुस्ती ही विद्या आम्ही हीन मानीत नाहीं. जो मुलगा पहाटे उठून तालमींत जातो, तो निदान आळशी होत नाहीं. ज्यास पडून पुन्हां उठण्याची संवय आहे, तो परीक्षेंत एकदां नापास झाला म्हणून खचत नाहीं. तथापि या विद्येच्या एका बाजूकडे पालकांचें, वस्तादांचें आणि आम्हां शिक्षकांचेंहि लक्ष जात नाहीं. ती बाजू म्हणजे पहिलवानाची पाठ. छाती सर्व जण पाहतात, दंड सर्व जण चाचपतात. पाठ कोणी पाहत नाहीं. कुस्तींत पाठ लागली म्हणजे हार झाली, म्हणून तिचें नांवच जणूं अशुभ!

गोष्ट आमच्याच वर्गांतली आहे. नववींतील एक विद्यार्थी मागच्या बांकावर बसे. अंगानें दणकट, स्वभावानें शांत, पण बसणें असें कीं जणूं बांकावर कोणी पोतें टेकून ठेविलें आहे. मान पुढें, खांदे पुढें, पाठीची कमान. 'ताठ बस' असें आम्ही त्यास दिवसांतून चारदां बजावीत असूं. तो ताठ होई, आणि दोन मिनिटांत पुन्हां पूर्ववत्. एके दिवशीं आमचा तोल सुटला, व वर्गासमक्ष आम्ही त्यास नको तें बोललों. तो उठून उभा राहिला आणि एवढेंच म्हणाला, "सर, ताठ बसलं की दोन्ही खांद्यांच्या मधी ओढ बसती." आम्हांस तो बहाणा वाटला.

पुढें महिनाभरानें तालुक्याच्या शालेय कुस्तीस्पर्धेस आम्ही मुलांबरोबर गेलों. कपडे बदलीत असतां त्याची उघडी पाठ आमच्या दृष्टीस पडली. दोन्ही खांदे पुढें वळलेले, मधला कणा बाहेर आलेला, उजवा खांदा डाव्याहून बोटभर खालीं. आम्ही वीस वर्षें मुलांना शिकवितों. परंतु मुलाची पाठ अशी नीट पाहण्याचा आमचा तो पहिलाच प्रसंग. त्याचें अक्षर आम्हीं तपासलें होतें, गणितें तपासलीं होतीं, नखेंसुद्धां तपासलीं होतीं. पाठ तपासली नव्हती.

शाळेच्या आरोग्यतपासणीस आलेल्या डॉक्टरबाईंपुढें आम्हीं त्यास उभें केलें. त्यांनीं त्यास कमरेंतून पुढें वांकविलें व मागून निरखून पाहिलें. मग बांकावर पालथें निजवून, हात न टेकतां छाती उचलावयास सांगितलें. छाती उचलतांच पाठीची कमान बरीचशी मोडली. "हाडाचा दोष दिसत नाहीं, संवयीचा आहे," असें त्या म्हणाल्या, "अजून वेळ आहे." या तीन शब्दांनीं त्या रात्रीं आमची झोंप उडविली. कारण जो वेळ आज आहे, तो उद्यां निघूनहि जातो.

आतां पाठीच्या रचनेचा थोडा विचार करूं. मनुष्याचा कणा भाल्यासारखा सरळ नसतो. मानेंत ७, छातीच्या मागें १२ व कमरेंत ५ असे चोवीस मणके एकावर एक रचलेले असून, बाजूनें पाहिलें असतां कणा मान व कमर येथें आंत वळतो आणि छातीच्या मागें बाहेर येतो. हीं वळणें म्हणजे दोष नव्हे. चालतां-धांवतांना बसणारे हादरे झेलण्याची ती सोय आहे. छातीमागचें वळण प्रमाणाबाहेर वाढलें म्हणजे मात्र तो दोष होतो, व त्यासच आपण पोक येणें म्हणतों. मागून पाहिलें असतां कणा सरळ रेषेंत दिसावा आणि दोन्ही खांदे एका पातळींत असावे, एवढी खूण पालकांनीं ध्यानांत ठेवावी.

पहिलवानास पोक कां येतो? पहिलें कारण असें कीं, कुस्तीचा पवित्राच तसा आहे. गुडघे वांकवून, धड झुकवून, खांदे पुढें घेऊन आणि हात छातीसमोर ठेवून उभें राहावें लागतें. न राहिलें तर प्रतिस्पर्धी एकेरी नाहीं तर दुहेरी पट काढून पाय उचलतो. मुक्त कुस्तींत पाय धरण्याची मुभा असल्यामुळें हें झुकणें अधिक. ग्रीको-रोमन कुस्तींत कमरेखालीं पकड करण्याची मनाई आहे, म्हणून तेथील मल्ल त्या मानानें ताठ उभे राहतात. कुस्तीचें माहेरघर समजल्या जाणाऱ्या इराणांतील संशोधकांनीं या दोन्ही प्रकारच्या मल्लांच्या पाठी मोजून पाहिल्या, तेव्हां मुक्त कुस्ती करणाऱ्यांच्या पाठीचें वळण अधिक आढळलें. ज्या स्थितींत शरीर रोज दोन-तीन तास राहतें, त्या स्थितीची त्यास संवय जडते. शरीर हा मोठा आज्ञाधारक विद्यार्थी आहे, बरें-वाईट न निवडतां शिकतो.

दुसरें कारण व्यायामांतील असमतोल. आमच्या तालमींत पहिला मान जोर व बैठका यांचा. तो योग्यच आहे. परंतु जोर मारल्यानें छाती, खांद्याची पुढची बाजू व दंडाची मागची बाजू बळकट होते. खांदे मागें खेंचून धरणारे जे स्नायू पाठीवर दोन खवाट्यांच्या मध्यें आहेत, त्यांना जोरांत तितकें काम पडत नाहीं. तंबूची पुढची दोरी आंखडली व मागची सैल पडली, म्हणजे खांब पुढें कलावयाचाच.

तिसरें कारण एकाच अंगाची संवय. ज्याचा उजवा हात चालता, तो कलाजंग उजव्याच खांद्यावर घेतो, ढाक उजव्याच अंगानें टाकतो, आणि तोच एक पाय पुढें ठेवून उभा राहतो. कुस्तीचेंच असें आहे असें नव्हे. ज्यूदो शिकणारा बहुधा एकाच बाजूची पकड धरतो. मुष्टियुद्ध खेळणारा एक खांदा पुढें व हनुवटी खालीं ठेवून तासन्‌तास नाचतो. वर्षें लोटतात तसे दोन खांदे एकमेकांशीं जुळेनासे होतात.

येथें आम्ही अतिशयोक्ति करूं इच्छित नाहीं. प्रत्येक वांकलेली पाठ दुखतेच असें नाहीं. पोक असूनहि उत्तम कुस्ती करणारे मल्ल आहेत, आणि केवळ पाठीच्या आकारावरून मुलास रोगी ठरविणें शहाणपणाचें नव्हे. परंतु हानि होते ती अशी. खांदा पुढें वळला म्हणजे हात डोक्यावर नेतांना खांद्याच्या छपरासारख्या हाडाखालील जागा अपुरी पडते, तेथील स्नायुबंध चेंगरतात, आणि हात पुरता वर जाईनासा होऊं शकतो. मान पुढें गेली म्हणजे डोक्याचा भार मानेच्या मागच्या स्नायूंना दिवसभर ओढून धरावा लागतो. छाती मिटल्यासारखी राहिली तर बरगड्यांना फुलण्यास पुरती मोकळीक मिळत नाहीं. आणि कुस्तीच्या शेवटच्या मिनिटाला कामीं येणारा दम हेंच तर पहिलवानाचें भांडवल.

वाढत्या वयाच्या मुलांविषयीं आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. साधारणतः अकरा ते सोळा या वयांत उंची झपाट्यानें वाढते. या काळांत कांहीं मुलांच्या मणक्यांची पुढची बाजू मागच्या बाजूइतकी वाढत नाहीं, मणके पाचरीसारखे होतात, आणि मग जो पोक येतो तो पालथें निजून छाती उचलली तरी सरळ होत नाहीं. शॉयरमान नांवाच्या डॅनिश डॉक्टरांनीं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या विकाराचें वर्णन केलें, म्हणून त्यांचेंच नांव त्यास मिळालें. हा विकार कुस्तीमुळें होतो असें आम्ही म्हणत नाहीं. पण तो असतां डॉक्टरांस न विचारतां जड मेहनत करणें बरें नव्हे. दुसरी गोष्ट कमरेची. मान व पाय टेकवून शरीराची कमान करणें, किंवा प्रतिस्पर्ध्यास उचलून मागच्या मागें फेंकणें, यांत कमर वारंवार मागें मोडते. कोंवळ्या हाडास तें न सोसलें, तर कमरेच्या खालच्या मणक्याच्या, बहुधा पांचव्याच्या, मागच्या भागास बारीक चीर पडते. मागें वांकतांना ज्या मुलाची कमर दुखते, त्यास 'मेहनतीनें अंग दुखतंय' म्हणून पुन्हां मातींत उतरवूं नये. तें दुखणें विश्रांति मागत असतें आणि तपासणीहि मागत असतें.

एका वृद्ध वस्तादांपाशीं आम्हीं हा विषय काढला. त्यांचें उत्तर रोखठोक होतें: "मास्तर, कुस्ती वाकूनच होती. ताठ उभा राहील तो आभाळ बघंल." हें म्हणणें खरें आहे, व तें खोडण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, वांकणें आखाड्यांत असावें आणि आखाड्यांतच राहावें. तिरंदाज काम झालें कीं धनुष्याची दोरी उतरवून ठेवितो; सदैव ताणलेल्या धनुष्याचा जोर जातो. आमचा पहिलवान मात्र पवित्रा घेऊनच घरीं येतो, पवित्रा घेऊनच जेवतो, आणि पवित्रा घेऊनच भूगोलाच्या तासाला बसतो!

शिवाय यावरील उतारा आमच्याच जुन्या तालमींत होता, हें विसरून चालणार नाहीं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नांवावर असलेल्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' या ग्रंथांत मल्लविद्येचें प्रकरण आहे, आणि त्यांत खांबावरील मेहनतीचाहि उल्लेख येतो. ही कल्याणी म्हणजे आजचें बसवकल्याण. आमच्या मराठवाड्याच्या सीमेपासून तें फार दूर नाहीं. पुढें दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळांत बाळंभटदादा देवधर यांनीं मल्लखांबास नवें जीवन दिलें. मल्लखांब म्हणजे मल्लाचा खांब. तो मुळांत कुस्तीस पूरक असा व्यायाम. खांबावर वा दोरावर चढतांना शरीर हातांनीं वर ओढावें लागतें, म्हणजे जोरांत जे स्नायू स्वस्थ बसतात, नेमके त्यांनाच काम लागतें. उलटें-सुलटें होतांना दोन्ही अंगें वापरावीं लागतात. ढकलण्याच्या मेहनतीला ओढण्याच्या मेहनतीची अशी जोड मिळत असे. अनेक ठिकाणीं आम्हीं जोर ठेविले, खांब सोडला, आणि आतां पोक आला म्हणून कपाळास हात लावितों.

आमच्या जिल्ह्यांत तर हा प्रश्न आखाड्याच्या बाहेरहि पसरला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथून हजारों कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. नवराबायकोच्या जोडीलाच तेथें 'कोयता' म्हणतात. माणसास हत्याराचें नांव मिळालें आहे. बुडख्याशीं वांकून ऊस तोडावयाचा, मोळी बांधावयाची, आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडींत चढवावयाची, असें हें काम. या आईबापांची पाठ पोटासाठीं वांकलेली आहे; तिला आम्ही नमस्कार करितों. परंतु त्यांच्याच मुलानें पहाटे तालीम करावी, दिवसा दप्तर एकाच खांद्यास अडकवावें, सुटींत मोळ्या उचलाव्या, आणि रात्रीं मोबाइलवर मान मोडून कुस्त्या पाहाव्या, तर त्या पाठीनें सरळ व्हावें तरी केव्हां?

आमच्या मतें या दुर्लक्षाच्या मुळाशीं एक समजहि आहे. आमच्याकडे ताठ चालणाऱ्याला ताठा आहे असें लोक म्हणतात. मोठ्यांपुढें मान लववावी ही रीत चांगली. परंतु लवणें वेगळें आणि वांकून राहणें वेगळें. लवणारा पुन्हां सरळ होतो. मुलींच्या बाबतींत तर हा समज फारच जाचक आहे. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली, कीं 'खालीं बघून चाल' असें तिला घरीं-दारीं सांगतात, आणि ती बिचारी खांदे मिटून, दप्तर छातीशीं धरून चालूं लागते. २०१६ सालीं रिओ येथें साक्षी मलिक यांनीं ऑलिंपिकचें कांस्यपदक मिळविल्यापासून मुलींनींहि कुस्ती खेळावी असें आपण मोठ्या तोंडानें म्हणतों. मग त्या मुलीच्या पाठीस आधीं सरळ होण्याची परवानगी आपण दिली पाहिजे. ताठ पाठ म्हणजे ताठा नव्हे.

नुसत्या उपदेशानें पाठ सरळ होत नाहीं, हें आमच्या 'ताठ बस'नें सिद्ध झालेंच आहे. म्हणून आमची मागणी कामाची आहे. पालकांनीं तीन महिन्यांतून एकदां मुलास उघड्या अंगानें पाठमोरें उभें करून पाहावें. मुलीकडे तिच्या आईनें पाहावें. खांदे समपातळींत आहेत काय, कणा सरळ आहे काय, पुढें वांकल्यावर पाठीची एक बाजू उंच येते काय, एवढें पाहण्यास विद्या लागत नाहीं. वस्तादांस आमची विनंति अशी कीं, त्यांनीं जितके जोर घ्यावयास लावावे त्याच्या जोडीनें दोर, खांब किंवा दांडी यांवर शरीर वर ओढण्याची मेहनत द्यावी. प्रत्येक डाव दोन्ही अंगांनीं घोटून घ्यावा. आणि तालीम संपल्यावर पांच मिनिटें छाती उघडण्यास द्यावीं. दाराच्या चौकटीस दोन्ही हात लावून छाती पुढें काढणें, पालथें निजून छाती उचलणें, भिंतीस पाठ लावून उभें राहणें, यांस खर्च नाहीं. दुखणें दोन-तीन आठवडे टिकलें, रात्रीं झोंपेंतून उठवूं लागलें, किंवा हातापायांत मुंग्या वा अशक्तपणा आला, तर पाठीवर कोणाचा पाय देववूं नये, कमर कडकडा मोडून घेऊं नये. सरळ डॉक्टरांकडे जावें. राहिली शाळा. शाळेनें वर्षांतून दोनदां मुलांच्या पाठी पाहाव्या, आणि पाऊण तास बसवून ठेविल्यावर मुलांस मिनिटभर उभें राहून हात वर नेऊं द्यावे. आमच्या पटांगणांतील लिंबाच्या झाडास आम्हीं एक जाड दोर बांधला आहे. मोठें व्यायामगृह होईल तेव्हां होवो. दोर आज आहे.

तो विद्यार्थी आतां दहावींत आहे. गेले आठ महिने तो रोज त्या दोरावर चढतो व डॉक्टरबाईंनीं सांगितलेली मेहनत करितो. पोक पुष्कळ कमी झाला आहे. उजवा खांदा अजून किंचित् खालीं आहे, आणि तो कदाचित् तसाच राहील, असें डॉक्टरबाई म्हणतात. गांवच्या जत्रेंत त्यानें कुस्ती मारली असें लिहावयास आम्हांस आवडलें असतें. पण ती बरोबरींत सुटली. शेवटपर्यंत दम टिकला, एवढें तो समाधानानें म्हणाला. आम्ही त्यास वर्गासमक्ष बोललों होतों, म्हणून क्षमाहि आम्हीं वर्गासमक्षच मागितली. त्या दिवशीं मागच्या बांकावरचीं सर्व मुलें, कोणीं न सांगतां, ताठ बसलीं होतीं.

पवित्र शास्त्रांत याकोबाची कथा आहे. तो पहाट होईपर्यंत झोंबी खेळला आणि आशीर्वाद घेऊन निघाला, तो लंगडत. त्याचें लंगडणें ही त्याच्या आशीर्वादाची खूण होती. आमच्या मुलांच्या पाठीवरचा पोक ही मात्र आम्हां मोठ्या माणसांच्या दुर्लक्षाची खूण आहे, व ती पुसणें अजून आमच्या हातीं आहे.

मुलांनो, मुलींनो, आखाड्यांत खुशाल वांका. परंतु बाहेर पडतांना अंगावरची माती झटकतां, तसा पवित्राहि झटकून टाका, आणि सरळ पाठीनें घरीं जा.